खाऱ्या हवेतली साडेसहा मिलिमीटरची रेल्वे

जून लागला की कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक येतं आणि गाड्यांचा वेग उतरतो. घरातल्या टेबलावरच्या रेल्वेलाही त्याच सुमारास दुखणं जडतं. मे अखेरपर्यंत झकास पळणारं इंजिन अडखळायला लागतं. बोटाने ढकललं की चार इंच जातं, पुन्हा ढिम्म. निदान ठरलेलं असतं: रुळांना गंज चढला. मग पॉलिश पेपर निघतो, रूळ घासले जातात, गाडी दोन दिवस धावते आणि आठवड्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. उपचार चुकतो, कारण निदानच चुकलेलं असतं.

हा लेख मॉडेल रेल्वेच्या झेड स्केलबद्दल आहे. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १९७२ साली आणलेलं हे माप १:२२० चं, आणि दोन रुळांतलं अंतर ६.५ मिलिमीटर. याहून चिमुकलं, ३ मिलिमीटर अंतराचं टी गेजही मिळतं, पण त्याचं तंत्र वेगळं. झेड मापात पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल २९ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे टेबलावर सहज उभा राहतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र साडेएकोणतीस मीटर भरतो. त्याची दोन तोंडं दाखवून भागवायचं. खरी अडचण वळणांची. कोकण रेल्वे किमान १२५० मीटर त्रिज्येच्या वळणांवर आखलेली आहे, आणि १:२२० मध्येही ही त्रिज्या पावणेसहा मीटरच्या आसपास जाते. बाजारात मिळणारी तयार वळणं असतात १४५, १९५ आणि २२० मिलिमीटरची. १४५ च्या वाटेला जाऊ नये. आपला एलएचबी (नव्या धर्तीचा प्रवासी) डबा या मापात जवळजवळ ११ सेंटीमीटर लांब होतो आणि इतक्या आवळ वळणावर तो हमखास रूळ सोडतो. १९५ घेतलं तर ६० × ४५ सेंटीमीटरच्या बोर्डावर पूर्ण लंबगोल बसतो. आणखी एक खोट आहे: आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या मापात ७.६ मिलिमीटर यायला हवा, रूळ मिळतात ६.५ चे. ज्यांना हे खुपतं त्यांनी रूळ स्वतः बनवावेत. बाकीच्यांनी डोळेझाक करावी.

आता गंजाकडे. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसोत, सूक्ष्मदर्शकाखाली ते खडबडीतच असतात आणि फक्त उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. हे खरं टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे, ढोबळमानाने, दाबणारं बल भागिले धातूचा कठीणपणा. समजा इंजिन २५ ग्रॅमचं आहे आणि चाकं आठ. एका चाकावर आले सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ०.०३ न्यूटन. रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. त्याचा कठीणपणा १.५ गिगापास्कल धरला तर उत्तर येतं २० चौरस मायक्रोमीटर. पाचेक मायक्रोमीटर रुंदीचा हा ठिपका. केसाचा आडवा छेद याच्या शंभरपटीहून मोठा असतो. मोटरची सगळी वीज अशा मोजक्या ठिपक्यांतून जाते, आणि चाक फिरेल तसा ठिपका दर क्षणी नवा असतो.

जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. तो लोखंडासारखा गंजत नाही. त्यावर ऑक्साइडचं पटल येतं, पण काही नॅनोमीटर जाडीचं. ५ नॅनोमीटरच्या पटलावर १० व्होल्टचा दाब आला तर विद्युतक्षेत्र होतं दर मीटरला २ अब्ज व्होल्ट. एवढं सोसणारा रोधक विरळाच. पटल फुटतं आणि त्या भोकात धातूचा सूक्ष्म पूल तयार होतो. बिनतारी संदेशवहनाच्या आरंभी वापरलेला कोहिअरर याच गुणावर चालायचा. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रांली यांच्या काचनळीतला धातूचा कीस रेडिओलहर येताच एकाएकी वाहक व्हायचा. जगदीशचंद्र बोस यांनी त्यात पारा वापरून सुधारणा केली. तात्पर्य, ताज्या ऑक्साइडला इंजिन भीक घालत नाही.

पण थर एक मायक्रोमीटर जाड झाला की हिशेब उलटतो. व्होल्ट तेवढेच, जाडी दोनशेपट, म्हणून क्षेत्र दोनशेपट क्षीण. थर फुटत नाही, मोटर थांबते. हा जाड थर म्हणजे मळ: गिअरमधून आलेलं तेल, धूळ, प्लॅस्टिकच्या चाकांची झीज, आणि संपर्क तुटताना उडणाऱ्या बारीक ठिणग्यांनी त्या तेलाचा केलेला कोळसा. किनाऱ्यावर त्यात मीठ येतं. लाटा फुटताना उडालेले तुषार हवेत सुकतात आणि वाऱ्याबरोबर घरात येऊन बसतात. शुद्ध मिठाला ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी सुटतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच सादळतं. कोकणात एवढी कोरडी हवा क्वचितच, म्हणून रुळांवरचे हे कण बहुतेक काळ चिकट असतात, धूळ धरून ठेवतात आणि खालच्या तांब्या-जस्तालाही हळूहळू खातात. खारं पाणी विजेचं वाहक आहे ना, मग अडलं कुठे? वाहक आहे, पण समुद्राचं पाणी जर्मन सिल्व्हरपेक्षा काही लाख पटींनी वाईट वाहक आहे.

म्हणूनच रूळ रॉकेलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्येही नावालाच. १०० मिलिलिटर पाण्यात मात्र ३६ ग्रॅम विरघळतं. तेव्हा आधी पाणी. तेही नळाचं नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं (बॅटरीचं ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या). जुन्या सुती कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळून ओलसर करायचा, रुळांच्या माथ्यावरून एकाच दिशेने फिरवायचा आणि दर फुटाला कापडाची बाजू बदलायची. नाहीतर इथलं मीठ तिथे, एवढंच होतं. लगेच ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. उरलेलं पाणी आणि थोडं तेल त्याबरोबर जातं. ७० टक्क्यांचं सॅनिटायझर इथे नको. शेवटी व्हाइट स्पिरिटचं एखाद-दुसरं बोट, तेही दिसणार नाही इतकंच. चाकांनाही हाच क्रम, नाहीतर पुसलेले रूळ चाकंच पुन्हा माखतात. पॉलिश पेपर मात्र माळ्यावर टाका. हजार नंबरच्या पेपरचे कणसुद्धा १० ते २० मायक्रोमीटरचे असतात. त्यांनी पाडलेले चरे पाच मायक्रोमीटरच्या ठिपक्याला दऱ्यांसारखे, आणि मळाला मुक्कामाची सोय. ‘एकदा फवारा, वर्षभर विसरा’ म्हणणारे स्प्रे मीठ धूत नाहीत, वर पडदा घालतात.

बोर्ड कुठे ठेवावा यावर वास्तुवाले नैर्ऋत्य कोपरा सुचवतात, जड वस्तू तिथे म्हणून. किनाऱ्यावरच्या घरात ती दिशा टाळायला एवढं पुरे की मोसमी वारा तिथूनच मीठ घेऊन येतो.

त्यापेक्षा बोर्डावर ॲक्रिलिकची झाकणपेटी घाला. पण दोन पुड्या सिलिका जेल टाकून निर्धास्त होऊ नका. ६० × ४५ × २० सेंटीमीटरच्या पेटीत ५४ लिटर हवा असते, आणि ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता असताना तिच्यात पाण्याची वाफ भरते जेमतेम दीड ग्रॅम. ती दोन पुड्या सहज शोषतील. खालच्या १२ मिलिमीटर प्लायवुडचं वजन मात्र दोन किलोच्या आसपास असतं, आणि ८५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर यायला ते दीडशे ग्रॅम पाणी सोडतं. त्याला अर्ध्या किलोहून जास्त जेल लागेल. म्हणून मरीन प्लायच्या चारही कडा आणि तळ इपॉक्सीने बंद करावेत, किंवा तळच २५ मिलिमीटर एक्सपीएस फोमचा (थर्मोकोलसारखा, पण घट्ट) घ्यावा. एमडीएफ नको, ओल धरून फुगतो. फोमवर रबरी गोंद चालत नाही, त्यातला द्रावक फोम वितळवतो. जेल नारिंगी दाण्यांचं घ्यावं. रंग उतरला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास.

रुळांना वीज एकाच ठिकाणी जोडणं ही दुसरी नेहमीची चूक. जोडपट्ट्या खाऱ्या हवेत सैल आणि मळकट होतात, तेव्हा दर अर्ध्या मीटरला रुळाच्या बाहेरच्या अंगाला बारीक वायर सोल्डर करून खालच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या मुख्य वायरला जोडावी. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) राळेचा, ॲसिडचा नव्हे. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन सेकंदांत काम झालं पाहिजे, नाहीतर स्लीपर वितळतात. सगळेच सांधे सोल्डर करू नयेत. अधूनमधून ०.३ मिलिमीटरची फट राहू द्यावी. धातू उन्हाने जेमतेम वाढतो, पण लाकूड पावसात बरंच फुगतं.

खडीसाठी समुद्राची वाळू कधीच नको. मीठ तर आहेच, शिवाय रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी लोहखनिजं असतात. चुंबकाला धरणारे कण मोटरमध्ये गेले की गिअर संपलाच. जांभ्याच्या भुकटीवरूनही आधी चुंबक फिरवून घ्यावा. खऱ्या मार्गावरची ५० मिलिमीटरची खडी या मापात पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक होते, म्हणून मैद्याच्या चाळणीतून पडेल तेच घ्यायचं. एक भाग पाणीरोधक फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. ड्रॉपरने सोडायचं, ब्रशने नाही.

सुधारणांमध्ये पहिली अगदी स्वस्त: वजन. इंजिनाच्या पोकळीत टंगस्टनची लुकण भरून ५ ग्रॅम वाढवले तर वरच्या सूत्राप्रमाणे संपर्काचं क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढतं, आणि चढावर पकडही. दुसरी, ॲडाप्टर बदला. झेडची इंजिनं ८ ते १० व्होल्टची असतात. एन स्केल या मोठ्या मापाच्या १२ व्होल्टच्या कंट्रोलरवर (रुळांना वीज देणाऱ्या पेटीवर) मोटर जळू शकते. पल्स देणारा कंट्रोलर लावलात आणि मोटर कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) असेल तर वारंवारता २० किलोहर्ट्झच्या वर ठेवा, कमी असली तर ती तापते. डिजिटल डीकोडर (रुळांतून येणारे संकेत वाचून मोटर चालवणारी चिप) बसवणार असाल तर त्याच्या मागे २२० मायक्रोफॅरडचे पाच टँटलम कपॅसिटर समांतर जोडा. ४ व्होल्ट उतरेपर्यंत ते १०० मिलिअँपिअर ४४ मिलिसेकंद पुरवतात. ताशी ८० किलोमीटरचा वेग १:२२० मध्ये सेकंदाला १०० मिलिमीटर होतो, म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर मळकट रूळ विजेशिवाय ओलांडता येतो. गाडी रूळ बदलते त्या सांध्यातल्या (पॉइंटमधल्या) प्लॅस्टिकच्या तुकड्याची लांबी मोजा. ती याहून जास्त निघाली तर कपॅसिटर वाढवण्याआधी इंजिनाची किती चाकं खरंच वीज घेतात हे मल्टिमीटर लावून पाहा.