विधिमंडळ समितीची साक्ष: विषय कसा ठरतो आणि कुणाला बोलावतात

विधिमंडळ समितीची साक्ष म्हणजे आमदारांच्या समितीनं एखादा विषय हातात घ्यायचा, त्याच्याशी संबंध असलेल्या माणसांना समोर बसवून विचारायचं आणि ते बोलतील ते शब्दशः लिहून घ्यायचं. संसदेत हेच काम खासदारांच्या समित्या करतात. सातारा-सांगलीकडं बहुतेकांना हा प्रकार माहीत झाला तो जिल्हा परिषदेमुळं. 'पीआरसी येणारे', म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती येणारे, एवढं कळलं की झेडपीच्या सगळ्या खात्यांत महिनाभर जुन्या फायली निघतात, आणि मग पेपरात 'सीईओंची (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची) साक्ष' अशी बातमी येते, ती वाचून काही जणांना वाटतं साहेबांवर केस झाली की काय. तसं काही नसतं. इथं आरोपी नसतो, शिक्षा नसते, निकाल नसतो, शेवटी एक अहवाल असतो आणि तो सभागृहाच्या पटलावर जातो.

आधी एक घोळ मिटवायला पाहिजे. आपल्याकडं 'समिती' हा शब्द सरसकट वापरतात. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णा-भीमा खोऱ्याचा अभ्यास करायला नेमलेली वडनेरे समिती, किंवा पंचायत राजचं मूल्यमापन करायला १९८४ मध्ये नेमलेली सांगलीच्या प्रा. पी. बी. पाटलांची समिती, या सरकारनं नेमलेल्या समित्या. त्यांना काम सरकार देतं आणि अहवालही सरकारकडंच जातो. विधिमंडळाची समिती सभागृहाची असते, ती सरकारला प्रश्न विचारते. तिचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ मधल्या विशेषाधिकारातून आणि अनुच्छेद २०८ खाली सभागृहानं केलेल्या नियमांतून येतो. बोलावून कुणी आलं नाही, खोटं बोललं, किंवा साक्ष द्यायला निघालेल्याला कुणी धमकावलं तर तो हक्कभंगाचा विषय होऊ शकतो.

महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य, त्यांच्यातून लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, अनुसूचित जाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क, रोजगार हमी, आश्वासन, विनंती अर्ज अशा बऱ्याच समित्या होतात. समितीमागं सगळं कागदाचं काम विधानमंडळ सचिवालय करतं, म्हणजे पत्र जाणं, प्रश्नावली तयार करणं, तारखा लावणं, साक्ष लिहून घेणारे प्रतिवेदक पाठवणं. विषय आणि साक्षीदार यांच्या याद्या पहिल्यांदा कागदावर येतात त्या इथंच, समिती त्यात भर घालते किंवा कमी करते, म्हणून या कार्यालयाचं महत्त्व वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आहे.

विषय कुठून येतो

लोकलेखा समितीचं सोपं आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात येतो, त्यातले परिच्छेद हाच तिचा कच्चा माल. सगळे पॅरे घेता येत नाहीत म्हणून मोठी रक्कम, जुना आक्षेप, पुन्हा पुन्हा येणारी चूक असे काही निवडतात आणि बाकीच्यांवर खात्याकडून लेखी खुलासा घेतात. महालेखापालांचे अधिकारी बैठकीला समितीच्या मदतीला बसतात, त्यामुळं प्रश्न नेमका कुठं लावायचा ते सदस्यांना कळतं.

पंचायत राज समितीचं कामही लेखापरीक्षणावरच चालतं, पण ती जिल्ह्यात येते. दौरा साधारण तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी जिल्ह्यातल्या आमदारांशी आणि झेडपीच्या पदाधिकाऱ्यांशी बोलणं, मग लेखापरीक्षा अहवालातल्या परिच्छेदांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. दुसऱ्या दिवशी समितीचे गट पडतात आणि पंचायत समित्या, ग्रामपंचायती, शाळा, दवाखाने बघतात, गटविकास अधिकाऱ्यांची साक्ष होते. तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर परत सीईओ. त्यानंतर जे प्रश्न अर्धवट राहतात त्यांच्यासाठी मुंबईत खात्याच्या सचिवांची साक्ष लागते.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. एक म्हणजे लेखापरीक्षा अहवाल चालू वर्षाचा नसतोच, तो काही वर्षं मागचा असतो, त्यामुळं ज्याच्या काळात औषध खरेदी झाली किंवा रस्त्याचं बिल निघालं तो अधिकारी कधीच बदलून गेलेला असतो आणि उत्तर द्यायला आजचा माणूस उभा राहतो. साक्ष खुर्चीची असते, माणसाची नसते. नवीन आलेला अधिकारी बिचारा फाइलीत आहे तेवढंच सांगू शकतो, आणि फाइलीत काय नाही हे ज्याला ठाऊक असतं तो दुसऱ्याच जिल्ह्यात असतो. माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

दुसरी गोष्ट गावांची निवड. साताऱ्यात ११ तालुके, सांगलीत १०, ग्रामपंचायती साताऱ्यात १५०० च्या आसपास आणि सांगलीत ७०० च्या आसपास, आणि समितीच्या हातात फिरायला एक दिवस. कुठली गावं बघायची हे बऱ्याचदा आदल्या रात्रीपर्यंत बाहेर येत नाही आणि ते योग्यच आहे, नाहीतर फक्त रंगवलेली शाळाच दिसणार. मी लहान असताना आमच्या झेडपीच्या शाळेत समिती येणार म्हणून आम्ही पोरांनी दोन दिवस पटांगण झाडलं होतं, गुरुजींनी हजेरीपटाला नवीन कव्हरं घातली होती, आणि गाड्या आमच्या फाट्यावरून सरळ पुढच्या गावाला गेल्या. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, ज्या गावाला कुणी कळवलं नव्हतं तिथं गेल्या ते बरंच झालं.

२०२२ च्या मार्चपासून बराच काळ झेडपीवर प्रशासक होते, म्हणजे निवडून आलेले पदाधिकारीच नव्हते, आणि प्रशासक म्हणून सीईओच. त्या काळात ठराव करणारा आणि ठराव राबवणारा एकच, मग साक्षीला समोरच्या बाजूनं दुसरा आवाज राहत नाही.

दिल्लीत वेळापत्रक जास्त बांधलेलं असतं. खात्यांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ झाल्या, प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, मुदत वर्षाची. वर्षाच्या सुरुवातीला समिती खात्याच्या कामातून विषयांची यादी ठरवते. पण अर्थसंकल्प मांडला की अधिवेशनाला मध्ये सुट्टी देतात आणि त्या तेवढ्या दिवसांत सगळ्या समित्यांना अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यानं वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, तपासून अहवाल द्यावा लागतो, बाकीचे विषय तोवर बाजूला. सभागृहानं किंवा अध्यक्षांनी एखादं विधेयक पाठवलं तर त्याला तारीख लावलेली असते, ते पुढं घ्यावं लागतं. म्हणजे समितीनं स्वतः निवडलेला विषय बहुतेक वेळा उरलेल्या वेळेत बसवला जातो आणि वर्ष संपलं तर नवीन समितीनं तो परत घेतला तरच पुढं सरकतो. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, सध्या १४, आणि तिथं खात्याच्या मागण्या समितीत तपासल्या जातात.

साक्षीदार कोण ठरवतं

कागदावर उत्तर सोपं आहे, समिती ठरवते. माणूस, कागद, रेकॉर्ड मागवायचा तिला अधिकार असतो. एखादा कागद खरंच लागतो का यावर वाद झाला तर लोकसभेत अध्यक्षांचा निर्णय शेवटचा, आणि देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल असं म्हणून सरकार एखादा दस्त द्यायला नकार देऊ शकतं.

व्यवहारात पहिली यादी खात्याचीच असते. विषय निवडला की खात्याला पत्र जातं, लेखी माहिती मागवतात, ती आली की त्यावर प्रश्नावली जाते, उत्तरं आली की सचिव आणि त्यांचे अधिकारी तोंडी साक्षीला. मंत्र्यांना सहसा बोलावत नाहीत, हिशेब आणि अंदाज तपासणाऱ्या समित्यांत तर नाहीच, कारण मंत्री सभागृहाला थेट उत्तर देतो असं धरलेलं आहे. २०१० मध्ये टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या वादाच्या वेळी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी स्वतः लोकलेखा समितीपुढं यायची तयारी दाखवली होती, तेव्हा मुरली मनोहर जोशी अध्यक्ष होते, आणि ती गोष्ट मोठी बातमी झाली ती याच कारणानं. या समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडं द्यायचा प्रघात आहे.

बाहेरची माणसं येतात ती मुख्यतः विधेयकाच्या वेळी. संयुक्त समिती, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची मिळून एक, पेपरात जाहिरात देऊन लेखी सूचना मागवते आणि आलेल्या ढिगातून कुणाला तोंडी ऐकायचं ते निवडते. आपल्याकडं महिलांवरच्या अत्याचारांबद्दलच्या २०२० च्या शक्ती विधेयकाला अशी संयुक्त समिती होती. विधेयक नसतानाही कधी अशी समिती नेमतात; दिल्लीत शीतपेयांतल्या कीटकनाशकांच्या अंशाचा (रेसिड्यू) प्रश्न २००३ मध्ये आला तेव्हा संयुक्त संसदीय समिती नेमली होती, अध्यक्ष शरद पवार, अहवाल २००४ च्या फेब्रुवारीत. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या माणसाला रेसिड्यू म्हणजे काय हे सांगायला नको, तासगाव-मिरजेकडं माल एक्स्पोर्टला जायच्या आधी लॅबचा रिपोर्ट लागतोच. अशा विषयात कंपनी, प्रयोगशाळा, खातं आणि तक्रार करणारी संस्था सगळ्यांना ऐकलं तरच चित्र पुरं होतं.

बाहेरच्या देशांत ही निवड जास्त उघड असते. कॅनडात प्रत्येक पक्ष आपापली साक्षीदारांची यादी देतो, समितीचा क्लार्क त्यातून बैठका भरतो, आणि कुठल्या पक्षाला किती मिनिटं प्रश्न हे सुरुवातीलाच ठराव करून ठरलेलं असतं. ब्रिटनमध्ये समिती चौकशीचे मुद्दे जाहीर करते आणि कुणालाही लेखी म्हणणं पाठवता येतं. अमेरिकेत साक्षीदार बोलावणं बहुमताच्या अध्यक्षाच्या हातात, पण अल्पमतातल्या सदस्यांना आपले साक्षीदार ऐकवायला एक दिवस मागता येतो.

आपल्या मुलखात साक्षीदारांची यादी नवीन गोष्ट नाही. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा तंटा गावच्या गोतसभेपुढं आला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा, आणि त्यावर हजर असलेल्यांची नावं यायची, पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या हत्याराच्या. ती काही समतेची व्यवस्था नव्हती, पण कुणासमोर बोलणं झालं हे कागद बघितल्यावर कळायचं आणि त्यात गावचा माणूस असायचा. आज समजा जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या पाण्याचा विषय एखाद्या समितीनं घेतला, तर जलसंपदाचे सचिव येतील, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाचे अधिकारी येतील, ते पंपाची क्षमता आणि झालेला खर्च सांगतील, बरोबरच सांगतील. पण पाणी कालव्याच्या शेवटच्या फाट्याला किती वर्षं आलं नाही, टँकर आठवड्यातून कितीदा आला, हे त्या फाट्यावरच्या बाईला विचारलं पाहिजे. ती यादीत नसते. तिला कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं, यादी खात्याकडून सुरू होते म्हणून ती त्यात येतच नाही.

बैठकीत

साक्षीदार आत यायच्या आधी कुणी काय विचारायचं ते समिती आपापसात ठरवते. मग अध्यक्ष पहिला प्रश्न विचारतात, त्यांच्या मागून बाकीचे. शपथ देता येते. बैठक बंद दारामागं असते, निर्णयाची चर्चा सुरू झाली की साक्षीदार बाहेर, आणि अहवाल पटलावर येईपर्यंत साक्ष गोपनीय. ही गोपनीयता संसदेत इतकी कडक पाळली गेली की २०२० मध्ये कोरोनात सुद्धा समित्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठका घ्यायला परवानगी मिळाली नाही. याची दुसरी बाजू अशी की अधिकारी मोकळं बोलतो, कॅमेरा असता तर बोलला नसता.

सामान्य माणसाची वाट

समिती जिल्ह्यात आली की शासकीय विश्रामगृहावर किंवा झेडपीत निवेदन देता येतं, ग्रामसेवकापासून अंगणवाडी सेविकांच्या संघटनांपर्यंत सगळे देतात. पण ढीगभर निवेदनांत 'चौकशी व्हावी ही विनंती' एवढंच असेल तर सदस्याला त्यावरून प्रश्न विचारता येत नाही. कामाचं नाव, वर्ष, रक्कम, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख, आणि जमलं तर लेखापरीक्षणातला परिच्छेद क्रमांक माहिती अधिकारात काढून घातला, तर तोच कागद हातात धरून आमदार सीईओंना विचारू शकतो. एक पान पुरतं. समितीतल्या ज्या सदस्याचा तो विषय आहे त्याला दौऱ्याच्या आधीच मुंबईत प्रत पोहोचली तर अजून चांगलं, कारण प्रश्नावली दौऱ्याच्या आधी जाते, दौऱ्यात नाही.

दुसरी वाट विनंती अर्ज समितीची. तो अर्ज आमदारामार्फत सभागृहात सादर होतो आणि मग समितीकडं जातो. तिसरी विधेयकाच्या वेळची, सूचना पाठवताना 'मला तोंडी म्हणणं मांडायचं आहे' असं स्पष्ट लिहायचं. लिहिलं नाही तर बोलावतील याची आशा कमीच. सांगलीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या वर, एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं, हे समितीला माहीत असतंच असं नाही, म्हणून सुनावणी विभागाच्या ठिकाणी, पुण्यात तरी घ्या अशी मागणी त्याच कागदात करायला हरकत नसते.

अहवाल आल्यावर शिफारशींवर काय केलं ते सरकारला कळवावं लागतं, संसदेच्या स्थायी समित्यांना तीन महिन्यांत. त्या उत्तरावर समिती परत अहवाल देते. संसदेच्या अहवालाला बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, आणि त्यात त्या दिवशी साक्षीला कोण कोण आलं होतं त्यांची नावं पदासकट छापलेली असतात.