उलटसुलट गोष्ट नव्वदच्या दशकातली नव्हे

‘चित्रपटात काळ मागेपुढे करून गोष्ट सांगायची पद्धत १९९०च्या दशकात निघाली’, असं वर्षानुवर्षं फिरत आलंय. असं वाटणं साहजिक आहे. त्या दशकात असे चित्रपट खूप गाजले. पण १९४१चा ‘सिटिझन केन’ पाहा. नायक सुरुवातीलाच मरतो आणि मग त्याचं आयुष्य वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून, क्रम सोडून उलगडतं. १९५०च्या ‘राशोमोन’मध्ये तर एकाच घटनेच्या चार हकिकती, एकमेकींशी न जुळणाऱ्या. खरी कुठली, हे चित्रपट ठामपणे सांगत नाही (मला तेच आवडतं). म्हणजे संदिग्धताही जुनीच. पडताळायचंय? ‘सिटिझन केन’ बघताना प्रसंगांना पडद्यावरच्या क्रमाने आकडे द्या, शेजारी ते घडल्याच्या क्रमाने. दोन्ही रांगा जुळणार नाहीत.