मायकेलअँजेलो आडवा पडून रंगवत नव्हता

‘व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेल या प्रार्थनागृहाचं छत चित्रकार मायकेलअँजेलोने चार वर्षं पाठीवर पडून रंगवलं’, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. चार वर्षं खरी (१५०८ ते १५१२, तीही मध्ये खंड पडून). पडणं मात्र खोटं. १९६५च्या हॉलिवूडपटात मायकेलअँजेलो झालेला नट चार्लटन हेस्टन आडवा दिसला आणि समज आणखी पक्का झाला.

प्रत्यक्षात त्याने स्वतः आखलेल्या परांचीवर उभं राहता येत होतं. पुरावा त्याच्याच हातचा आहे. मित्राला धाडलेल्या सुनीतात तो कुरकुरतो: दाढी आभाळाकडे, डोकं मागे पाठीला टेकलेलं, कुंचल्यातला रंग टपटप तोंडावर. (महान कलावंतही कामाला वैतागतात!) त्याच कागदाच्या समासात त्याने स्वतःला रेखाटलंय: मान वर, एक हात छताला आणि चक्क उभा.