ॲक्सेस टोकनने लॉगिन : अडचणी व निवारण

ॲक्सेस टोकन म्हणजे एखाद्या संगणकीय सेवेने वापरकर्त्याच्या किंवा प्रोग्रॅमच्या नावे दिलेली, पासवर्डऐवजी ओळख पटवणारी लांबलचक अक्षरमाला. पासवर्डने अख्खे खाते उघडते. टोकन ठरावीक कामापुरते आणि ठरावीक मुदतीपर्यंत चालते, शिवाय पासवर्डला हात न लावता ते कधीही रद्द करता येते. तासगाव–सांगली मार्गाचा एसटी पास मिरजेच्या गाडीत चालत नाही आणि तारीख उलटली की तासगावच्या गाडीतही चालत नाही, तशीच टोकनची गत असते. पण टोकन नाकारले जाण्याचे तिसरेही एक कारण आहे : ते सर्व्हरपर्यंत जसेच्या तसे पोचतच नाही. नवशिक्यांना सर्वांत जास्त छळते ते हेच, कारण पडद्यावर सगळे बरोबर दिसत असते.

पार्श्वभूमी

टोकनची आजची पद्धत मुख्यतः ओऑथ २.० या मानकावर उभी आहे. ते ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ६७४९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि टोकन सर्व्हरकडे कसे पाठवायचे याचे नियम त्याच महिन्यात आरएफसी ६७५० मध्ये आले. या नियमांप्रमाणे टोकन ज्याच्या हाती असेल त्याचे काम करते, सर्व्हर आणखी काही विचारत नाही. सोय आणि धोका दोन्ही यातच आहेत.

सांगली व सातारा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांची टोकनशी पहिली गाठ बहुधा गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर पडते. विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७), कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०), मिरजेचे शासकीय तंत्रनिकेतन अशा संस्थांमुळे या पट्ट्यात संगणक शिकणारी मुले-मुली भरपूर आहेत आणि प्रोजेक्टचा कोड गिटहबवर ठेवणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवरून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. त्या वेळी राज्यातील महाविद्यालये ऑनलाइन चालू होती. प्रत्यक्ष वर्ग भरू लागले ते २० ऑक्टोबरपासून. शेजारच्या बाकावर विचारायची सोय नसताना हा बदल आला. आजही त्याआधीचे व्हिडिओ पाहून शिकणारा विद्यार्थी 'पासवर्ड' विचारला की खात्याचाच पासवर्ड टाकतो आणि अडतो. त्या जागी टोकन चिकटवायचे असते.

सर्व्हरचे उत्तर वाचणे

'लॉगिन होईना' म्हटल्याबरोबर नवे टोकन काढणे ही फार रुळलेली आणि तितकीच नुकसानीची सवय आहे. नव्या टोकनने कधी काम भागते, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही. शिवाय आधीची टोकने खात्यावर जिवंत राहतात. सर्व्हर नकार देताना एक आकडा देतो, तो आधी पाहावा.

४०१ आला तर सर्व्हरला टोकन ओळखताच आले नाही : ते चुकीचे, अर्धवट, मुदत संपलेले किंवा रद्द झालेले आहे, नाहीतर मागणीसोबत गेलेलेच नाही. ४०३ आला तर टोकन ओळखले गेले, पण त्याला त्या कामाची परवानगी नाही. अशा वेळी पुन्हापुन्हा चिकटवण्यात अर्थ नसतो, परवानग्या तपासाव्या लागतात. ४०४ फसवा आहे. खासगी रेपो (गिटहबवर प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) पाहण्याचा हक्क नसेल तर गिटहब 'असा रेपो नाही' असेच सांगते, कारण 'परवानगी नाही' म्हटले तर रेपो आहे हे परक्याला कळेल. म्हणून पत्ता अचूक असूनही ४०४ येत असेल तर शंका टोकनवर घ्यावी. ४०७ चा टोकनशी संबंधच नाही. तो मधल्या प्रॉक्सीचा (आपली मागणी बाहेर पोचवणाऱ्या संगणकाचा) निरोप असतो आणि कॉलेजच्या नेटवर्कवर प्रॉक्सीचे लॉगिन व्हायचे राहिले की तो दिसतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तेच काम करून पाहिले की हा प्रश्न दोन मिनिटांत वेगळा काढता येतो.

लॅबमधला सामायिक संगणक

सर्वांत गोंधळात टाकणारी अडचण लॅबमध्ये येते. एकच संगणक दिवसभर निरनिराळ्या बॅच वापरतात. विंडोजवरचे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवून तो गिटहबवर पाठवणारा प्रोग्रॅम) एकदा यशस्वी झालेले लॉगिन 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जपून ठेवते आणि पुढच्या वेळी काही न विचारता तेच वापरते. सकाळच्या बॅचमधल्या मुलीने पुश करून (कोड गिटहबवर चढवून) लॉगिन तसेच सोडले, की दुपारच्या मुलाला ४०३ येतो आणि संदेशात परवानगी नाकारलेल्या खात्याचे नाव भलत्याच कुणाचे दिसते. हे नाव म्हणजेच निदान. पण घाईत ते कुणी वाचत नाही आणि आपलेच टोकन बिघडले असे समजून तीन-तीन नवी टोकने काढली जातात. त्यांतले एकही सर्व्हरपर्यंत जात नाही, कारण संगणक ते मागतच नाही.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खालील गिटहबची नोंद काढून टाकावी आणि पुन्हा पुश करावे. आता गिट नव्याने विचारते. लॅबमधून उठताना हीच नोंद पुसून जाणे ही पुढच्या बॅचची आणि स्वतःची दोघांची काळजी घेणे आहे. आपले लॉगिन मागे राहिले तर त्या खुर्चीत बसणारा कुणीही आपल्या नावाने कोड चढवू शकतो.

लिनक्स असलेल्या लॅबमध्ये गिटच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. 'कॅश' पद्धत टोकन काही वेळ मेमरीत ठेवते, मुद्दाम बदलले नाही तर १५ मिनिटे. 'स्टोअर' पद्धत ते होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये उघड्या अक्षरांत लिहून ठेवते. सगळे विद्यार्थी एकाच सामायिक लॉगिनने बसत असतील तर ती फाइल सर्वांना वाचता येते. अशा लॅबमध्ये 'स्टोअर' वापरूच नये.

आणखी एक जागा सहसा कुणी तपासत नाही. काही व्हिडिओंत टोकन थेट रेपोच्या पत्त्यातच घालायला सांगतात. तसे केले की ते प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या गिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये जाऊन बसते. त्याची मुदत संपल्यावर नवे टोकन काढले, जुनी नोंद पुसली, तरी गिट पत्त्यातले मेलेले टोकनच पाठवत राहते. रिमोटचा (गिटहबवरच्या रेपोचा) पत्ता छापून पाहावा. त्यात टोकन दिसले तर ते काढून पत्ता पुन्हा नोंदवावा. प्रोजेक्टचे फोल्डर पेनड्राइव्हवरून मित्राला दिले असेल तर टोकनही त्याच्याकडे गेले आहे, म्हणून ते रद्दही करावे.

चिकटवताना होणारे घोळ

विंडोजवर गिटच्या कमांड द्यायच्या 'गिट बॅश' या काळ्या खिडकीत कंट्रोल आणि व्ही दाबून सहसा मजकूर चिकटत नाही. पासवर्ड विचारला जात असताना पडद्यावर काहीच उमटत नसल्याने हे लक्षातही येत नाही. टोकनऐवजी भलतेच एक चिन्ह जाते आणि नकार येतो. तिथे शिफ्ट व इन्सर्ट या कळा एकत्र दाबाव्यात किंवा उजवी क्लिक करून 'पेस्ट' निवडावे.

टोकन तयार होताना एकदाच दिसते. पान बंद झाले की ते पुन्हा पाहता येत नाही, म्हणून मुले ते स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतात किंवा त्याचा फोटो काढतात. फोटो पाहून टाइप करताना इंग्रजी ओ आणि शून्य, लहान एल आणि एक यांची हमखास गल्लत होते. कॉपी करताना पुढे-मागे जागा किंवा नवी ओळ येते. वर्डसारख्या प्रोग्रॅममधून कॉपी केले तर सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात. गिटहबच्या क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, टोकनची लांबी ४० अक्षरे असते, त्यांतली पहिली चार ठरलेली : जी, एच, पी आणि अंडरस्कोअर. शेवटची सहा अक्षरे आधीच्या अक्षरांवरून काढलेली पडताळणी असतात, त्यामुळे एक अक्षर चुकले तरी टोकन खोटे ठरते. लांबी मोजणे ही साधी पण फार उपयोगी तपासणी आहे. टोकन ठेवायला पासवर्ड मॅनेजर हीच योग्य जागा.

परवानग्या

क्लासिक टोकन काढताना 'रेपो' या नावाच्या चौकटीत टिक करायची राहिली तर टोकन खरे असूनही खासगी रेपो उघडत नाही. गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबवर कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीच्या) वर्कफ्लो फाइल चढवायला 'वर्कफ्लो' ही परवानगी वेगळी लागते. एरवी कोड पुश होतो आणि अशी फाइल असलेले पुश तेवढे अडते तेव्हा कारण हेच असते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गिटहबने सूक्ष्म परवानग्यांची टोकने आणली. ती अधिक सुरक्षित आहेत, पण शेवटच्या वर्षाच्या ग्रुप प्रोजेक्टला ती नेमकी अडतात. चौघांचा ग्रुप असतो, रेपो एकाच्या वैयक्तिक खात्यावर असतो, बाकी तिघे सहयोगी म्हणून जोडलेले असतात. या तिघांनी आपापल्या खात्यावर असे टोकन काढले तर त्याचा हक्क स्वतःच्या रेपोंपुरताच राहतो, मित्राचा रेपो त्याच्या यादीत येतच नाही. मार्ग दोन आहेत : क्लासिक टोकन वापरणे, किंवा ग्रुपच्या नावे ऑर्गनायझेशन (गिटहबवरचे सामायिक खाते) काढून, सर्वांना तिचे सदस्य करून रेपो तिथे हलवणे. ग्रुपप्रमुखाने आपले टोकन इतरांना देणे हा तिसरा मार्ग सर्रास वापरला जातो, आणि तोच टाळायला हवा. त्यात कोणी काय बदलले याचा माग पुसट होतो आणि एकाच्या चुकीने चौघांचे काम थांबते.

मुदत आणि घड्याळ

'काल चालत होतं, आज चालत नाही' ही तक्रार बहुधा मुदतीची असते. गिटहब वर्षभर न वापरलेले वैयक्तिक टोकन काढून टाकते. गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेने मे २०२३ मधील १६.० आवृत्तीपासून टोकनला ३६५ दिवसांची कमाल मर्यादा घातली. गिटलॅबची मुदत दिलेल्या तारखेच्या मध्यरात्री जागतिक वेळेनुसार संपते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे ५:३० वाजलेले असतात. सबमिशनच्या तारखेचीच मुदत टाकलेले टोकन त्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधीच बंद पडलेले असते.

गूगलच्या सेवांशी जोडलेल्या प्रोजेक्टचा ठरावीक आजार वेगळा आहे. ॲप 'टेस्टिंग' अवस्थेत असेल तर नवे ॲक्सेस टोकन मिळवून देणारे रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपते. दर आठवड्याला लॉगिन तुटत असेल तर कोडमध्ये चूक शोधत बसू नये, ॲपची अवस्था बदलावी.

जेडब्ल्यूटी म्हणजे जेसन वेब टोकन प्रकारच्या टोकनमध्ये (आरएफसी ७५१९, मे २०१५) ते कधी दिले आणि कधी संपणार या वेळा आतच लिहिलेल्या असतात, म्हणून तपासणाऱ्या संगणकाचे घड्याळ बरोबर असावे लागते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग नुकतेच मिळालेले टोकन 'अजून लागू झालेले नाही' असे ठरते. कधी त्याआधीच सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नाकारले जाते आणि टोकनपर्यंत गाडी पोचतच नाही. पावसाळ्यात वीज ये-जा करत असताना असे काही घडले तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. सेल बदलणे हे थोड्या रुपयांचे काम आहे.

जुपिटर आणि सरकारी डेटा

जुपिटर नोटबुक हे ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवण्याचे साधन ४.३ आवृत्तीपासून आपणहून टोकन मागते. सर्व्हर चालू करताना दर वेळी नवे टोकन तयार होऊन टर्मिनलमध्ये छापले जाते, त्यामुळे कालचा बुकमार्क आज चालत नाही. ८८८८ या पोर्टवर (संगणकावरच्या जोडणीच्या क्रमांकावर) आधीचा सर्व्हर चालूच असेल तर नवा ८८८९ वर जातो, आणि एकाचे टोकन दुसऱ्याच्या पानावर टाकले जाते. चालू सर्व्हरची यादी मागणारी कमांड दिली की प्रत्येकाचा पत्ता व टोकन शेजारी शेजारी दिसतात.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याचे दर दाखवणारे ॲप हा या भागातला आवडता प्रोजेक्ट विषय आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरील बाजारभावांची माहिती घेता येते. तिथे टोकनऐवजी एपीआय की (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय, की म्हणजे तिची किल्ली) पत्त्यातच जोडतात. दाखवण्यापुरती दिलेली नमुना की मोजक्याच नोंदी देते, म्हणून यादी अर्धवट आली तर स्वतःच्या नावाने की काढावी. इतर बहुतेक एपीआयना टोकन 'ऑथरायझेशन' या हेडरमध्ये (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत), आधी 'बेअरर' हा शब्द व एक जागा सोडून हवे असते. ती जागा राहिली तरी ४०१ येतो. विंडोजवर सेटएक्स कमांडने टोकन साठवले असेल तर ते चालू खिडकीत दिसत नाही, नवी खिडकी उघडावी लागते.

फुटलेले टोकन

कोडच्या फाइलमध्ये टोकन लिहून सार्वजनिक रेपोत चढवले की गिटहब स्वतःचे टोकन ओळखून आपोआप रद्द करते आणि खातेदाराला ईमेल पाठवते. अचानक ४०१ येऊ लागला तर ही ईमेल आधी शोधावी. फाइलमधून टोकन पुसून पुन्हा कमिट केल्याने (बदलाची गिटमध्ये नोंद केल्याने) ते झाकले जात नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ते तसेच राहते. इतर सेवांची टोकने फुटली तर ती त्या सेवेत जाऊन स्वतः रद्द करावी लागतात. क्रम असा ठेवावा : आधी रद्द, मग नवे टोकन काढून ते कोडबाहेरच्या फाइलमध्ये ठेवणे, ती फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत घालणे, आणि शेवटी खात्याच्या सुरक्षा-नोंदीत मधल्या काळात अनोळखी वापर झाला आहे का ते पाहणे.