उरलेली ताकद कशावर खर्चायची?

अंघोळ, अंग पुसणं, कपडे घालणं, केस विंचरणं. धडधाकट माणसाची ही अर्ध्या तासाची कामं. फुप्फुसांचा आजार शेवटच्या टप्प्यात पोहोचला की याच चार कामांत दिवसभराची ताकद संपू शकते, आणि दुपारी नातवंडं भेटायला येतात तेव्हा आजी दमून झोपलेली असते.

इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट कामी येतो. मराठीतला ‘व्यवसायोपचार’ हा शब्द तसा फसवाच. मरणाच्या दारात कसला आलाय व्यवसाय! पण ‘ऑक्युपेशन’ म्हणजे इथे नोकरीधंदा नव्हे, तर माणूस ज्यात रमतो, गुंततो ते सगळं, दाढीपासून पत्त्यांच्या डावापर्यंत. एरवी, म्हणजे पक्षाघातानंतर वगैरे, ही थेरपी गेलेली क्षमता परत मिळवू पाहते. अखेरच्या दिवसांत ती परत येणार नसते. मग हिशेबच बदलतो.

केस विंचरण्याचंच घ्या. हात डोक्यापर्यंत उचलून धरायला खांद्याचे नि छातीचे जे स्नायू लागतात, त्यांतलेच काही धाप लागल्यावर श्वासाला हातभार लावत असतात. दोन्ही कामं एकदम आली की दम कोंडतो. कोपरं टेबलावर टेकवून, जरा पुढे झुकून विंचरलं तर हातांचा भार टेबल घेतं आणि स्नायू श्वासासाठी मोकळे होतात. टॉवेलने खसाखसा अंग पुसण्याऐवजी टॉवेलच्याच कापडाचा झगा चढवून बसून राहायचं. पाणी तो टिपतो. हातातला छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरला तर गार वाऱ्याचा स्पर्श गालांतल्या नसांमार्फत मेंदूला कळतो आणि गुदमरल्याची भावना कमी होते. रक्तातला ऑक्सिजन मात्र त्याने वाढत नाही.

घरच्यांची माया कधीकधी आड येते. पाण्याचा पेलाही कुणी उचलू देत नाही. एखाद्याला अंघोळ दुसऱ्याने घातली तरी चालते, पण दाढी स्वतःच करायची असते. दुसऱ्याचं नेमकं उलट. विचारल्याशिवाय कळत नाही. बरं, उत्तरही टिकत नाही. आज वॉकर, थोड्या दिवसांनी व्हीलचेअर, मग पलंग. म्हणून साधन गरज पडायच्या आधीच घरात आलेलं बरं.

पलंगावर खिळलेल्या कुणाला मुलीला पत्र लिहायचं असतं. थेरपिस्ट पाठीकडची बाजू उंच करतो, कोपराखाली उशी सरकवतो, पेनाला फोम गुंडाळून ते जाड करतो, म्हणजे सैल पकडीतून निसटत नाही. चार ओळी झाल्या की थांबायचं. बाकीचं उद्या.