फायबरच्या जुन्या शिडाच्या होडीतली कूज आणि तिची दुरुस्ती

फायबर कुजत नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण निम्मा घोळ तिथंच होतोय. आपण ज्याला नुसतं फायबर म्हणतो ते म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारा चिकट द्रव, थरावर थर. त्याला वाळवी लागत नाही, बुरशी लागत नाही, गंज तर नाहीच. कुजतं ते त्याच्या पोटातलं लाकूड. शिडाच्या जुन्या होडीत डेक, मागची उभी फळी म्हणजे ट्रान्सम, तळाला ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या, बसायची बाकं, या सगळ्यात फायबरच्या दोन पापुद्र्यांमधे लाकूड भरलेलं असतं, त्याला कोअर म्हणतात. पुरणपोळीच म्हणा की, फक्त इथं पुरण नासलं तरी वरची पोळी वर्षानुवर्षं चकचकीत दिसते आणि मालक त्या चकचकीतपणावर जातो.

लाकूड भरायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. कारण असं की सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तो वाकायला आठपट ताठ होतो, पण सगळी जाडी फायबरचीच केली तर वजन आणि खर्च दोन्ही हाताबाहेर जातात, म्हणून मधे हलकं काहीतरी घालून दोन पापुद्रे लांब ठेवायचे. अमेरिकेत १९४० च्या दशकात फायबरच्या होड्या व्हायला लागल्या, १९५९ मधे आलेल्या पिअर्सन ट्रायटन या शिडाच्या होडीनंतर तिथं तो धंदाच झाला, आणि त्या काळापासून डेकमधे बाल्सा नावाचं दक्षिण अमेरिकेतलं एकदम हलकं लाकूड चौकोनी ठोकळे करून बसवायची पद्धत पडली. ठोकळ्यांचे तंतू उभे असतात, त्यामुळं पाणी आडवं पसरायला वेळ लागतो असा हिशोब. हिशोब बरोबरच आहे, पण दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटी रेझिननं भरलेल्या नसतील तर पाणी पाटातून पळावं तसं त्या फटींतून पळतं. आपल्याकडच्या होड्यांत बाल्साऐवजी प्लाय नाहीतर साध्या लाकडाच्या पट्ट्याही सापडतात.

पाणी शिरतं ते माणसानं पाडलेल्या भोकांतून. डोलकाठीच्या तारा जिथं आवळतात त्या स्टीलच्या पट्ट्या, कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, झाकणाच्या बिजागऱ्या, प्रत्येक ठिकाणी डेकला भोक असतं आणि त्यात बोल्टाभोवती थोडं सीलंट, म्हणजे फट बुजवायचं लुकण. दहा-पंधरा वर्षांत सीलंट कडक होऊन सुटतं. तार ताणली-सैल झाली की बोल्ट केसभर हलतो आणि पावसाचा एकेक थेंब आत जातो. आत गेलेल्या थेंबाला बाहेर यायला वाट नसते, कारण वरखाली दोन्हीकडं फायबर.

आता कोल्हापूरचा मुद्दा. इथं समुद्र नाही, आंबा घाट, गगनबावडा नाहीतर फोंडा उतरल्याशिवाय खारं पाणी बघायला मिळत नाही, आणि त्यामुळं इथल्या माणसाला वाटतं आपली बोट सुखात आहे, खाऱ्यातली बोटच कुजते. उलटं आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, तिला गोडं पाणी लागतं. समुद्रात फिरणारी होडीसुद्धा कुजते ती वरून पडणाऱ्या पावसानं, खालच्या समुद्रानं नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कूज सुरूच होत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास गेला आणि हवा पंचवीस-तीस डिग्री असली की बुरशीची चैन. म्हणजे आपला जून ते ऑक्टोबर. कुणी हौसेनं कोकणातून जुनी डिंगी म्हणजे छोटी होडी आणली आणि पुढचे दोन पावसाळे उघड्यावर सुलटी ठेवली, की तेवढ्यात आतल्या लाकडाची वाट लागू शकते. पुराच्या कामासाठी घेतलेल्या फायबर बोटींचंही तेच. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की सगळे त्या बोटी शोधायला लागतात, बाकी वर्षभर त्या कुठंतरी भिंतीकडंला पावसाचं पाणी साठवत पडलेल्या असतात आणि ट्रान्सममधलं प्लाय निवांत कुजत असतं.

ओळखायचं कसं, तर माठ घेताना जसं वाजवून घेतो तसं. छोट्या हातोडीच्या नाहीतर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं डेकवर दर दोन बोटांवर ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो, पापुद्रा सुटलाय किंवा लाकूड कुजलंय तिथं बद्द. खडूनं हद्द आखत जायचं. दुसरी खूण पायाला कळते, डेकवर चालताना एखादी जागा जरा दबते. तिसरी म्हणजे बोल्टाखालून तपकिरी पाण्याचा ओघळ. ओलावा मोजायचं मीटर मिळतं पण ते जवळच्या बोल्टालाही फसतं, शिवाय ओलं म्हणजे कुजलेलंच असं नाही. खात्री करायची तर आतल्या बाजूनं बारीक भोक पाडून ड्रिलला काय येतंय ते बघायचं. पांढरा कोरडा भुसा आला तर सुटलात. काळपट लगदा आला तर ग्राइंडर काढा.

ग्राइंडरनं फक्त वरचा पापुद्रा कापायचा, खालच्याला धक्का लागू द्यायचा नाही, कारण होडीचा आकार आता त्याच्यावरच टिकून असतो. उघडल्यावर जे दिसतं ते पहिल्यांदा बघणारा गप्पच होतो. गुऱ्हाळाच्या मागं पावसात भिजलेला चिपाडाचा ढीग असतो ना, तसलंच, रंगही तोच आणि आंबूस वासही जवळपास तोच, बोटानं उकरलं तरी निघतं. याला ड्राय रॉट, म्हणजे कोरडी कूज, म्हणणारे भेटतात, पण कोरडं लाकूड कुजत नसतं, ते आपल्याला दिसतं तेव्हा वाळलेलं असतं इतकंच. खडूच्या रेघेवर थांबायचं नाही, कोरडं आणि घट्ट लाकूड लागेपर्यंत खरवडत जायचं, आणि ही हद्द बहुतेक वेळा अंदाजाच्या दुप्पट निघते.

मग सुकवणं. खरं काम हेच आणि यालाच कुणाला धीर नसतो. भोकं पाडून सिरिंजनं इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) सोडा, झालं, असा सोपा उपाय सांगितला जातो, पण ओल्या लाकडात इपॉक्सी मुरतच नाही, भोकाभोवती गोटी होऊन बसतं आणि शेजारचं पाणी आतच कोंडलं जातं. फेब्रुवारी ते मे हा आपल्याकडचा काळ, दुपारची कोरडी हवा आणि ऊन फुकट मिळतं. वळीव कधी येईल सांगता येत नाही म्हणून संध्याकाळी ताडपत्री टाकायची, दिवसा काढायची. ऑगस्टमधे हे काम काढणाऱ्याला मी तरी हात जोडतो.

शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीकडं फायबरचं काम करणारे आहेत, हात चांगला आहे, पण त्यांची सवय पॉलिस्टर रेझिनची आणि इथंच घोटाळा होतो. पॉलिस्टरमधे कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव्य, एक ते दोन टक्के घालतात आणि उन्हाळ्यात जरा कमी, थंडीत जरा जास्त, हे ज्यानं त्यानं हातानं ठरवलेलं असतं. इपॉक्सीला ही मस्ती चालत नाही. त्याच्या हार्डनरचं, म्हणजे त्यात मिसळायच्या दुसऱ्या भागाचं, प्रमाण ठरलेलं असतं, काट्यावर मोजूनच घ्यायचं, जास्त घातलं म्हणून लवकर सुकत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. दुसरं म्हणजे नेहमीची तुकड्यांची मॅट ज्या चिकटवणीनं धरलेली असते ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीननं विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही, मग मॅट वळणावर बसतच नाही, म्हणून इपॉक्सीबरोबर काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड वापरायचं. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी घट्ट धरतं, पण इपॉक्सीवर परत पॉलिस्टर लावलं तर भरवसा नाही. आणि कोबाल्ट (पॉलिस्टर लवकर सुकावं म्हणून घालतात ते) व कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचं नाही, स्फोट होतो, एक रेझिनमधे नीट ढवळून झाल्यावरच दुसरं.

नवीन कोअर म्हणून बंद पेशींचा पीव्हीसी फोम चांगला, तो पाणी पीत नाही. ट्रान्समला मात्र सुकाणू टांगलेलं असतं, तिथं आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय, आणि त्याच्या कडांना इपॉक्सी पाजून घेतलेलं. फाउंड्रीला लाकडी पॅटर्न करून देणारे सुतार या कामाला भारी पडतात, त्यांचा तुकडा मिलिमीटरवर बसतो. लापशीसारखं दाट केलेलं इपॉक्सी थापून त्यात कोअर दाबायचं, खाली हवा राहता कामा नये, वर विटा नाहीतर वाळूच्या पिशव्या. वरचा पापुद्रा जोडताना कडेला जाडीच्या बारापट उतार घासून घ्यायचा, म्हणजे चार मिलिमीटरच्या पापुद्र्याला जवळजवळ पाच सेंटिमीटर. नुसती फट भरून वरून रंग मारलेला सांधा पहिल्या ताणाला उघडतो.

तळाला येणारे फोड हा वेगळा आजार, तोही गोड्या पाण्यात जास्त. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या सगळ्यात बाहेरच्या चकचकीत थरातून, पाणी झिरपतं, आतले काही पदार्थ विरघळवतं आणि आणखी पाणी ओढून घेतं. फोड फोडला की व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी उडतं, डोळे सांभाळायचे. उघडायचं, धुवायचं, सुकवायचं, इपॉक्सीनं भरायचं, त्यात एवढं काही नाही.

बोल्ट परत बसवताना भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीनं पूर्ण भरतात आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध मापाचं भोक पाडतात, म्हणजे पुढं सीलंट सुटलं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. आमच्या माहितीतल्या एका होडीला हे सगळं अडीच महिने करून झालं, रंग झाला, नारळ फुटला, आणि मालकानं त्याच संध्याकाळी अंबाबाईचा फोटो लावायला नव्या डेकमधे दोन साधे स्क्रू मारले. सुतारानं फोटो काढून डोक्याला लावला, बाजूला ठेवला आणि न बोलता ड्रिलला मोठं बिट चढवलं.