स्पारिंग

मुष्टियुद्ध, कराटे, ज्यूदो यांसारख्या द्वंद्वाच्या खेळांत दोन खेळाडू हार-जितीचा हिशेब बाजूला ठेवून सरावासाठी जी झुंज घेतात, तिला स्पारिंग म्हणतात. ठोसे खरे, समोरचा माणूसही खरा. गुण मात्र कोणी मोजत नाही. मराठीत याला नेमका शब्द रुळलेला नाही. ‘लुटुपुटूची लढाई’ म्हटले तर पोरखेळ वाटतो, ‘सराव सामना’ म्हटले तर पंच आणि गुणफलक आठवतो. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली पैलवान एकमेकांशी झुंजतात, ते या अर्थाच्या सर्वांत जवळचे.

इंग्रजीत हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीतही होता. कोंबडे तयार करताना त्यांच्या पायामागची नखी झाकून त्यांना एकमेकांवर सोडत, त्यालाही स्पारिंगच म्हणत. माणसांच्या बाबतीत नखी झाकण्याचे काम हातमोज्यांनी केले. लंडनचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने १७४० च्या दशकात आपल्या खानदानी शिष्यांची नाके-डोळे शाबूत राहावीत म्हणून गुबगुबीत मोजे आणले. त्यांना ‘मफलर’ म्हणत. आपण थंडीत गळ्याभोवती गुंडाळतो तो हा नव्हे.

आज व्यावसायिक लढतीत ८ किंवा १० औंसांचे मोजे असतात, तर स्पारिंगला बहुधा १४ ते १६ औंसांचे. शिवाय डोक्याला शिरस्त्राण. त्याने कातडी फाटणे टळते, मेंदूला बसणारा हादरा टळत नाही. त्यामुळे जाणते प्रशिक्षक पूर्ण ताकदीचे स्पारिंग मोजकेच ठेवतात. एरवी ‘आज फक्त डावा हात’ अशी बंधने घालून खेळवतात.

तरीही धोका उरतोच. किन्शासा येथे १९७४ साली मुहम्मद अलीशी होणाऱ्या लढतीच्या काही दिवस आधी जॉर्ज फोरमनला स्पारिंगमध्येच डोळ्यावर जखम झाली आणि सप्टेंबरची लढत ३० ऑक्टोबरवर गेली. स्पारिंगच्या जोडीदाराचे मानधन लहान आणि नाव पडद्यामागे, पण मोठ्या खेळाडूच्या सवयी तो सर्वांत जवळून पाहतो. लॅरी होम्स हा एकेकाळी अलीचा असाच जोडीदार होता. १९८० मध्ये लास व्हेगासला त्याने अलीलाच हरवले. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. अलीजवळ तोवर राखलेले काही उरले नव्हते.

जपानी परंपरेत याला वेगळी नावे आहेत: ज्यूदोत रांदोरी, कराटेत कुमिते. १८८२ मध्ये कोडोकान ही ज्यूदोची शाळा स्थापणाऱ्या जिगोरो कानो यांनी ठरीव हालचालींच्या ‘काता’बरोबरच रांदोरीलाही महत्त्व दिले.

बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्येही ‘स्पारिंग पार्टनर’ असतो, जरी तिथे कोणी कोणाला ठोसा मारत नाही. इंग्रजीत राजकारण्यांच्या तोंडी चकमकीलाही स्पारिंग म्हणतात. या अर्थासाठी ‘खडाजंगी’ हा शब्द फार जड होतो. कुस्तीतली ‘खडाखडी’, म्हणजे पकड घेण्याआधीची चाचपणी, अधिक शोभते.